शेणमातीचं बूच

गोपिकाने सायकल बाहेर काढली तेव्हा घड्याळात नऊच वाजले होते, पण नागपूरच्या मे महिन्यात नऊला सकाळ म्हणणं म्हणजे आपणच आपली समजूत काढणं. अंगणातली फरशी चटके द्यायला लागली होती. तिने ओढणी भिजवून डोक्याला गुंडाळली आणि पायडलवर पाय ठेवला.

"काहून वं गोपे, या उन्हाची कुठं निघाली?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून जिजाआत्याचा आवाज आला.

"सदरले. नत्थूजीले आणाले."

"तो नळवाला? तो काय करते इथं?"

"मोरी तुंबली आत्या. नळवाला नाही आणायचा, तर काय बँडवाला आणायचा?"

"तोंड पहा पोरीचं! मनोहर, ऐकून राहिला ना? आणखी शिकव बी.एस्सी.ले!"

गोपिकाच्या वडिलांनी, मनोहररावांनी, वर्तमानपत्र थोडं वर केलं आणि त्याच्यामागे ते दिसेनासे झाले. मोठ्या बहिणीपुढे ते साठ वर्षं असेच दिसेनासे होत आले होते. आत्या तणतणत बाहेर आली, उन्हाची लू लागू नये म्हणून एक पांढरा कांदा गोपिकाच्या पिशवीत कोंबला आणि तितक्याच रागाने आत गेली.

काटोल रोडकडच्या नव्या ले-आउटमधलं ते घर बांधून दोन वर्षं झाली होती. पोस्टातून निवृत्त होताना मिळालेला सगळा पैसा मनोहररावांनी त्यात ओतला होता. खाली तीन खोल्या, वर गच्ची, आणि आत्याचा जीव पहिल्यापासून ज्यावर नाराज होता तो फ्लशचा संडास, न्हाणीला लागूनच. मागच्या अंगणात त्याची सिमेंटची टाकी. घरातल्या घरात संडास ही कल्पनाच आत्याला ओंगळ वाटे. पण दोन वर्षं तो बिचारा निमूट चालला होता. बिघडला तो गेल्या दहा दिवसांत.

आधी न्हाणीतलं पाणी हळू जायला लागलं. मग घोट्यापर्यंत तुंबायला लागलं. गोपिकाने जाळी काढून केसांचा गुंता उपसला, धुण्याचा सोडा टाकून उकळतं पाणी ओतलं, रबराच्या पंपाने हात दुखेपर्यंत दाबलं. पाणी तसंच. ढिम्म. नंतर कधीतरी, कोणी जवळ नसताना, एकदम ओढून घेतल्यासारखं सगळं खाली जाई.

एवढंच असतं तर गोपिकाला शहरातल्या सदरपर्यंत धाप लागेस्तोवर सायकल मारायची गरज नव्हती. पण दुपारी, बाराच्या पुढेमागे, मोरीतून आवाज यायचा.

तो पहिल्यांदा ऐकला शामलावहिनीने. तिला पाचवा महिना लागला होता. पहिलं मूल पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं होतं, त्यामुळे या खेपेला ती पाऊलही जपून टाकत होती. "मूल हुंदके देऊन राहिलंय गं," ती म्हणाली होती, "मोरीत." त्यानंतर तिने न्हाणीत जाणं सोडलं. मग जेवण सोडलं. आणि आत्याने एका दुपारी स्वतः तो आवाज ऐकला, तेव्हा निकाल लागला. सावनेरच्या पुढे एका खेड्यात कोणी बाबा होता. बाधा झालेल्या बाईला तो तीन दिवस उपाशी कोंडतो, मिरच्यांची धुरी देतो आणि चौथ्या दिवशी मोकळी करतो. रविवारी दिवाकर, म्हणजे गोपिकाचा भाऊ, कोळसा खाणीच्या हपीसातून सुट्टीवर येणार होता. तो वहिनीला घेऊन जाईल असं ठरलंही.

"मिरच्यांची धुरी? पाचव्या महिन्यात?" गोपिका ओरडली होती. "डॉक्टरीणबाईंनी तिले जिना चढायला मना केलंय आणि तुम्ही तिले कोंडून धूर देणार?"

"डॉक्टरीणीले मोरीतलं ऐकू येते का?" आत्याने विचारलं होतं.

आज शुक्रवार होता.

नत्थूजी दुकानाच्या पायरीवरच भेटले. पन्नाशीचा, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस. आधीचं काम आटोपून ते अकरा वाजता आले, खांद्यावर बांबूची लांब खपची आणि हातात अवजारांची पिशवी घेऊन. आत्याने त्यांना मागच्या दाराने यायला लावलं. गोपिकाने ओठ चावला. आज भांडायला वेळ नव्हता.

घर तोवर मिटून घेतलं होतं. खिडक्यांची दारं लावलेली, त्यांवर वाळ्याचे पडदे, आणि पडद्यांवर मनोहररावांनी मारलेलं पाणी टप टप गळत होतं. आत भर दुपारी दिवेलागणीसारखा अंधार. ओल्या वाळ्याचा गार, गोड वास सगळ्या घरात भरला होता, आणि त्याच्या खाली, अगदी खाली, दुसरा एक वास होता. बंद विहिरीसारखा. आतल्या खोलीत वहिनी भिंतीला टेकून बसली होती, पाय पोटाशी ओढून, तोंड न्हाणीच्या दाराकडे. त्या दारावरून तिची नजर हलत नव्हती.

"वहिनी, लिंबू-सरबत करू?"

"वाजले किती?" वहिनीने विचारलं.

नत्थूजींनी खपची मोरीत घातली. हात-दोन हात, दहा हात. कुठे अडलं नाही. ते बाहेर गेले, अंगणातल्या चेंबरचं लोखंडी झाकण पहारीने उचकटलं, आणि न्हाणीतलं पाणी झर्रकन निघून गेलं. खपचीचं टोक चेंबरमध्ये लख्ख बाहेर आलं होतं.

"लाइन साफ आहे, ताई. काहीच नाही." त्यांनी दोन बादल्या ओतून पाहिल्या. दोन्ही गेल्या. "कचरा असेल थोडा. निघाला."

गोपिकाचा जीव भांड्यात पडला. नत्थूजींनी झाकण बसवलं, कडेने ओला चिखल थापला, हात धुतले. आत येऊन, खात्री म्हणून, तिसरी बादली ओतली.

पाणी थांबलं.

त्या काळ्या पाण्यात न्हाणीच्या झरोक्याची तिरीप पडली होती. ती हलतही नव्हती. दोघं बघत राहिले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. लू तेवढी दारांवरून अंग घासत जात होती. हॉलमधल्या घड्याळाने बाराचे ठोके दिले, आणि शेवटचा ठोका विरतो न विरतो तोच पाण्याच्या मधोमध एक बुडबुडा आला. फुटला. मग दुसरा.

आणि मग तो आवाज.

गोपिकाने तो आजवर ऐकला नव्हता. दुपारी ती कॉलेजच्या वाचनालयात असे. तिने मनाशी धरलं होतं की गुडगुडत असेल, झालं. पण हे गुडगुडणं नव्हतं. आधी एक घोट. मग घोट अडकल्यासारखी उचकी. मग खोल, थरथरता श्वास, रडून रडून दमलेलं मूल झोपेत घेतं तसा. थोडा वेळ काही नाही. आणि पुन्हा घोट.

आतून वहिनीचा हुंदका आला. आत्या कुठेतरी देवाचं नाव पुटपुटत होती.

नत्थूजी बाहेर धावले. त्यांनी झाकण उचकटलं. पाणी गेलं, आवाज थांबला. झाकण लावलं. पाच मिनिटं शांतता... आणि घोट.

अंगणातल्या लिंबाच्या सावलीत ते उकिडवे बसले. मिशीवर घामाचे थेंब होते. "पाहून राहिले ना, ताई? उघडं ठेवलं की चूप. बंद केलं की..."

"बंद केलं की काय?"

"बंद केलं की त्याले कोंडल्यासारखं होते."

"कोणाले?"

नत्थूजी उठले. ते खपची गुंडाळायला लागले. "हे माझ्या हातचं काम नाही, ताई. पैसे देऊ नका."

गोपिकाच्या अंगावर काटा होता, आणि काटा आल्याचा तिला भयंकर राग आला होता. हा माणूस आत्ता निघून गेला की आत्या जिंकली. रविवारी वहिनी त्या धुरात बसणार. "पाणी तरी पिऊन जा," ती म्हणाली, नुसतं त्यांना थोपवायला म्हणून. आणि घरातली मातीची सुरईच उचलून आणली. आत्याने मागच्या दारातून डोळे वटारले. गोपिकाने त्या डोळ्यांकडे बघत सुरई वाकडी केली.

सुरईतून पाणी आलं. थांबलं. घोट... उचकी... घोट.

गोपिका तशीच उभी राहिली. पेला भरून पाणी नत्थूजींच्या पायावर सांडलं.

"ताई?"

"नत्थूजी, पाणी बाहेर यायचं तर हवा आत जावी लागते. तोंड अरुंद असलं की दोघं भांडतात. ऐका." तिने पुन्हा वाकडी केली. घोट. उचकी. "तुमचा पाइप पाणी अडवून राहिला नाही. हवा अडून राहिली. आपण चेंबर उघडतो तेव्हा हवेले वाट मिळते. एरवी त्या लाइनले हवा कुठून येते?"

नत्थूजींनी मान वर केली. घराच्या मागच्या भिंतीला धरून चार इंची लोखंडी पाइप गच्चीच्याही वर पुरुषभर गेला होता. "टाकीच्या ग्यासच्या पाइपातून," ते सावकाश म्हणाले. "मीच बसवला होता. वरून तोंड उघडं ठेवलं होतं..."

दोघं जिना चढले. गच्ची म्हणजे तापलेला तवा. आत्याचं वाळवण या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलं होतं. उडदाचे पापड, कुरड्या, मुगवड्यांच्या रांगा, वर जुनी पातळं, पातळांवर विटा. गोपिका तळवे उचलत उचलत पाइपापर्यंत गेली, कठड्यावर चढली आणि पाइपाच्या तोंडाकडे बघितलं.

पाइपाचं तोंड बंद होतं. शेणमातीने. घट्ट, गुळगुळीत, नेटकं लिंपलेलं, उन्हाने दगड झालेलं बूच. आणि त्यावर पाच बोटांचा ठसा.

गावाकडे धान्याची कोठी भरली की आत्या तिचं तोंड असंच लिंपायची आणि ओल्या मातीवर पाच बोटं उमटवायची, बरकतीसाठी. तो ठसा गोपिकाने लहानपणी शंभरदा पाहिला होता. कठड्याला टेकलेली शिडीही आता तिला दिसली.

"आत्या!" तिची हाक खालच्या अंगणापर्यंत गेली.

"काय वं?"

"हे पाइपाचं तोंड कोठीसारखं तुम्ही लिंपलं?"

"मंग? सारी घाण माझ्या पापडावर येऊन राहिली होती! ज्याले त्याले तोंड पाहिजेच काय उघडं?"

"कधी?"

"झाले दहा-बारा दिवस."

गोपिकाला हसावं की कपाळ बडवावं कळेना. "हातोडी द्या," ती नत्थूजींना म्हणाली. त्यांनी दिली, पण स्वतः जिन्यापाशीच उभे राहिले. ती शिडी चढली. तोल सावरायला तिने एक हात पाइपाभोवती घातला, आणि तिचा कान लोखंडाला लागला.

लोखंड पोळत होतं. तरी तिने कान काढला नाही.

आत श्वास चालू होता. खालून वर यायचा, बुचाशी थांबायचा, परत जायचा. हवा आहे, तिने स्वतःला बजावलं. टाकी तापते, हवा फुगते, म्हणूनच दुपारी आवाज येतो. साधी गोष्ट आहे. आणि मग, तिच्या नाकासमोर, त्या सुकलेल्या मातीच्या पलीकडून, कोणीतरी अगदी हळू खरवडलं. एकदा. थांबून, पुन्हा एकदा.

"काय झालं, ताई?" नत्थूजींनी खालून विचारलं.

"काही नाही..."

तिने दात आवळले आणि कडेवर हातोडी मारली. फार जोरात नाही. ते बूच फुटलं नाही. अख्खंच्या अख्खं वर उसळलं, आतून ढकलल्यासारखं, आणि कठड्यावरून घरंगळत पापडांत जाऊन पडलं. पाइपाने लांब, मोकळा, सुटकेचा श्वास सोडला. तो तिच्या चेहऱ्यावर आला. त्याला घाण यायला हवी होती. पहिल्या क्षणी मात्र वास आला तो वेखंडाचा, न्हाऊमाखू घातलेल्या तान्ह्या मुलाच्या टाळूचा. दुसऱ्या क्षणी टाकीची नेहमीची दुर्गंधी आली आणि गोपिकाला इतकं बरं वाटलं की तिने ती छाती भरून घेतली.

खालून मनोहररावांची आरोळी आली. "गेलं! गोपे, पाणी गेलं! भोवरा करून गेलं!"

त्या दुपारी त्या घरात जे झालं त्याला सण म्हणायला हरकत नाही. नत्थूजींनी संडासात पाच आणि न्हाणीत दहा बादल्या ओतल्या. प्रत्येक बादलीला मनोहरराव "गेली!" म्हणून ओरडले. गोपिकाने वहिनीला हाताला धरून न्हाणीच्या दारात आणलं, समोर सुरई वाकडी केली, तोच आवाज काढून दाखवला. वहिनी आधी दचकली, मग बघत राहिली, मग हसायला लागली. हसता हसता रडली. "इतकंच होतं गं?" ती पुन्हा पुन्हा म्हणाली. "इतकंच?" मग तिने दार लावून घेतलं आणि दहा दिवसांनी मनसोक्त, बादल्या उपसून अंघोळ केली. आतून पाण्याचे आवाज ऐकताना गोपिकाच्या खांद्यांवरचं ओझं कुठल्या कुठे गेलं.

"मले कोणी सांगितलं होतं, पाइपाले नाक असते म्हणून?" आत्या पापडांतला चुरा वेचत म्हणाली.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"तुले विचारू? तू जन्मली तवा मीच तुझी नाळ पुरली, गोपे."

पण संध्याकाळी तिने आपण होऊन नत्थूजींना घरच्या कपात चहा दिला, पुढच्या दाराने. आणि रात्री वहिनीच्या ताटात दोन पोळ्या जास्तीच्या वाढून, ती खाईपर्यंत समोर बसून राहिली. रविवारी दिवाकर आला तेव्हा सावनेरच्या पुढच्या बाबाचं नाव कोणी काढलं नाही. सगळ्यांनी मिळून आंब्याचा रस खाल्ला.

ते बूच गोपिकाने आपल्या टेबलावर ठेवलं. वह्यांवरचं वजन म्हणून, आणि खरं सांगायचं तर आत्या खोलीत आली की तिला दिसावं म्हणून. आत्याची पाच बोटं वरच्या बाजूला रुबाबात उमटलेली होती. आठवड्याभराने धूळ पुसताना ते तिच्या हातात उलटं झालं. पाइपाच्या आतल्या बाजूलाही खळगे होते. छोटे, गव्हाच्या दाण्याएवढे, एका ओळीत, त्यांच्या खाली वाटोळा दाब. एखादा इवलासा तळवा ओल्या मातीला टेकवावा तसा.

ती खिडकीशी गेली आणि उजेडात खळगे मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा.

सहा! तिने सुस्कारा सोडला आणि एकटीच हसली. हाताला पाच बोटं असतात. हे सहा होते, म्हणजे हा हात नव्हता. उंदीर असेल, पाल असेल, वाफेचे फोड असतील. मोजल्याशिवाय घाबरायचं नाही हे तिने त्या दिवशी स्वतःला बजावलं आणि बूच पुन्हा वह्यांवर ठेवलं. न्हाणीतलं पाणी पावसाळाभर भोवरा करून जात राहिलं. पुन्हा कधी काही ऐकू आलं नाही.

भाद्रपदात वहिनी बाळंत झाली. मुलगी. वहिनीला त्रास झाला नाही, पोर चांगली ठणठणीत, पहिल्याच दमात दवाखाना डोक्यावर घेणारी. आत्या बाळंतिणीच्या खाटेपाशी पदर खोचून उभी होती, सुखाने नुसती फुलली होती. नर्सने मुलीची उजवी मूठ उघडून पुसली आणि म्हणाली, "अगं बाई, हिला बघा."

करंगळीच्या बाजूला, करंगळीला चिकटून, एक इवलंसं जास्तीचं बोट होतं.

"नशीबवान आहे माझी सोनी!" आत्या म्हणाली. "आपल्या घरात नाही कोणाले. शामले, तुझ्याकडं आहे का वं?"

वहिनीने हसून नाही म्हणून मान हलवली. गोपिकाने ती बोटं मनाशी मोजली.

बारसं झालं. घर शांत होतं, दुपार होती, वहिनी गाढ झोपली होती. गोपिकाने टेबलावरचं बूच घेतलं, उलटं केलं, आणि पाळण्याशी जाऊन बसली. मुलगीही झोपेत होती. तिच्या टाळूला वेखंडाचा वास येत होता. गोपिकाने तिचा उजवा हात बोटांनी अलगद उचलला, उलगडला, आणि मातीवर टेकवला. सहाही बोटं आपापल्या खळग्यात जाऊन बसली, फक्त आता ती जागा त्यांना जराशी लहान होत होती.

ती माती चार महिने सावलीत होती, थंडगार होती. पण मुलीने झोपेतच उचकी दिली, आणि चटका बसावा तसा हात झटकन मागे घेतला.